रोज एकच फाईल

फोटो छापून देणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा होते. काउंटरवरच्या बाईंपुढे त्यांनी पेन ड्राइव्ह ठेवला.

“ताई, ही फाईल फोनवर उघडत नाही हो.”

“आजोबा, ही बीएमपी आहे. कालही हेच होतं, परवाही.”

“हो का? मग काय करायचं?”

“पेंटमध्ये उघडायची, सेव्ह ॲज म्हणायचं आणि जेपीजी निवडायचं. काल लिहून नव्हतं दिलं?”

“कागद घरी राहिला.”

“बरं, बघू. अय्या, या आजी का?”

“हो. खिडकीत बसून वाटाणे सोलत होती. मी फोटो काढतोय हे कळल्यावर अशी चिडली!”

“गोड दिसतायत. हं, झाला जेपीजी.”

“जेपीजी नको, पीएनजीच करा. जेपीजीत कडा खराब होतात. तिच्या चष्म्याच्या काड्या बारीक आहेत, धड दिसायच्या नाहीत.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायचंय काय त्यात? बावीस वर्षं छापखान्यात हेच केलं मी.”

“म्हणजे तुम्हाला हे सगळं येतं.”

“येतं.”

“अशा अजून किती आहेत?”

“साठ-सत्तर असतील. उद्या सगळ्या एकदमच आणतो. तुम्हाला रोजचा त्रास नको.”

“छे, एकदम नाही जमत. आमच्याकडे दिवसाला एकच होते.”

“एकच?”

“एकच. उद्या अकराला या, तेव्हा गर्दी नसते.”

आजोबा गेले. मी माझा पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यातल्या चाळीस फायली बाईंनी पाच मिनिटांत बदलून दिल्या.