समोरची कड

सन्माननीय अध्यक्ष श्री. शिवपुत्र कोरे, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ते आमचे गोपाळराव उटगीकर सर, त्यांना पुण्याला घेऊन जायला आलेली आणि म्हणून आज मला जराशी न आवडणारी त्यांची कन्या चेतना, आमच्या नाणे संग्राहक मंडळाचे सभासद आणि जमलेल्या सर्व स्नेहीजनांनो,

अध्यक्षांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मी दातांची डॉक्टर. माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे एकटीनंच बोलत राहायची मला सवय आहे. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

सर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, हे त्यांचे विद्यार्थी सांगतीलच. मी सांगणार आहे रविवारच्या बैठकीचं. नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर आमची खोली आहे. एक लांब टेबल, सहा-सात खुर्च्या, आणि खाली रिक्षांचे हॉर्न. कुणी विचित्र दिसणारं नाणं आणलं, की ते स्टीलच्या डब्याच्या झाकणात ठेवून टेबलावर फिरवायचं. प्रत्येकानं बघायचं आणि दोनच शब्दांपैकी एक बोलायचा, 'टाकसाळ' किंवा 'बाजार'. म्हणजे नाणं पाडतानाच टाकसाळीत चूक झाली, की धडधाकट बाहेर पडलेल्या नाण्यानं नंतर जगात मार खाल्ला? पहिलं असेल तर ते दुर्मिळ, संग्राहक जीव टाकतात. दुसरं असेल तर नुसतं खराब झालेलं नाणं. चुकणाऱ्याला चहा शेवटी आणि गार.

आणि सरांचा एक कडक कायदा. निकाल लागेपर्यंत नाण्याच्या मालकानं तोंड उघडायचं नाही. का? "मालक गोष्ट सांगतो आणि मग आपल्याला नाण्यात तीच दिसायला लागते." या कायद्यापायी सरांनी किती पाहुण्यांना गप्प बसवलं असेल! एकदा तर अध्यक्षांनाच. कोरेसाहेब, हसताय म्हणजे आठवतंय तुम्हाला.

त्या कायद्याची खरी परीक्षा झाली ती नागव्वांच्या वेळी. नागव्वा आज आल्या आहेत, त्या बघा, तिसऱ्या रांगेत. दुधनीहून एसटीनं आल्या. त्या पहिल्यांदा बैठकीला आल्या तेव्हा सोबत मुलगा आशिष होता आणि पंचम जॉर्जचा तांब्याचा पैसा होता, ज्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब होता.

कायदा मालकाला आहे, मला नाही. त्यामुळे आम्हाला जे नंतर कळलं ते तुम्हाला आधीच सांगते. नागव्वांचे वडील सोनार. लहानपणी त्यांना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला वडिलांनी एकेक पैसा खाऊला नव्हे, जपायला दिला. दोन्ही पैसे सारखे, त्यामुळे रोज भांडण, हा तुझा की माझा. वैतागून वडिलांनी कातर घेतली, एका पैशाचा तुकडा उडवला आणि म्हणाले, हा नागीचा. वडील गेले, बहीण गेली. वडिलांची दुसरी वस्तू घरात नाही, फोटोसुद्धा नाही. आणि आशिषनं मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, की अशी तुटकी नाणी टाकसाळीतच तशी पडतात आणि संग्राहक ती शोधत असतात. मुंबईच्या एकाला नाणं विकायचं त्यानं ठरवलं. आईला म्हणाला, तुझ्या लहानपणीचं तुला नीट आठवत नाही, आजोबांनी काही कापलेलं नाही. म्हातारीची सगळी ठेव एका वाक्यात गेली की!

आम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. नागव्वा पदर तोंडाला लावून गप्प. झाकण फिरलं. आम्ही सगळे एका सुरात, "टाकसाळ!" मीही. उत्साहानं. बैठकीला एवढं सुंदर चुकलेलं नाणं कधी आलं नव्हतं, आणि पाहुण्या बाईंना आनंदाची बातमी द्यायची आम्हाला घाई झाली होती. आशिष खूश. नागव्वांनी मात्र मान खाली घातली. आम्हाला वाटलं, लाजल्या.

सर तुटलेल्या जागेकडे बघतच नव्हते. ते त्याच्या बरोबर समोरची कड बघत होते. भिंग लावून, मग अंगठा फिरवून. मग म्हणाले, "बाजार."

आम्ही वाद घातला. मी तर जरा जास्तच. तेव्हा सरांनी माझा अंगठा धरून त्या कडेवरून फिरवला. टाकसाळीत नाण्याची कड उचलतात, म्हणजे काठ उंच करतात, तेव्हा चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूचा तुकडा आधीच गेलेला असेल, तर तिथं दाबायला काही नसतं, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. ती कड फिकी पडते, बसकी राहते. या नाण्याची समोरची कड मात्र खणखणीत होती. म्हणजे नाणं पुरं जन्माला आलं, तुकडा नंतर गेला. "आणि कातरीनं गेला," सर म्हणाले. "धातू एका अंगाला वळलाय बघा. पण कापलेल्या जागेवरचा काळेपणा बाकीच्या नाण्यासारखाच आहे. फार जुनं काम आहे. हात सफाईदार. आता बोला बाई, कुणी कापलं?"

नागव्वा उठून उभ्या राहिल्या. "अय्यो, माज्या अप्पानं कापलंय बगा! मी ह्येला कवापासनं सांगाय लागलेय की, आयकतोय कुटं त्यो!" आणि रडायला लागल्या. आम्ही जिथं तिथं मौल्यवान चूक शोधणारी माणसं. नाणं नुसतं खराब आहे हे ऐकून इतका आनंद झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आशिषनं नाणं झाकणातून उचललं आणि आईच्या मुठीत ठेवलं. आता सरांनी दोन गोड शब्द बोलावेत की नाही? सर म्हणाले, "घरी जाऊन चिंचेनं घासू नका." एवढंच. पण भिंग पुसता पुसता डोळेही पुसले, ते मी पाहिलं. मी समोरच बसते.

तर सर, आता जरा तुमच्याशी. तुम्ही निघालात. गुडघे, जिने, चेतनाची काळजी, सगळं मला पटतं. तुमच्याच कसोटीनं बघायचं, तर हे नुकसान 'बाजार'. आमचं मंडळ पुरं जन्माला आलं, तुकडा आत्ता जातो आहे. म्हणजे समोरची कड खणखणीत राहायला हवी, नाही का? गेल्या रविवारी तुम्ही सामान बांधत होता, आला नाहीत. झाकण फिरत माझ्यापर्यंत आलं. मी नाणं हातात घेतलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मला दोन्हीपैकी एकही शब्द सुचेना. माझा चहा गार झाला, तोही कुणी शिक्षा न देता.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, नागव्वा एवढ्या लांबून आल्या, सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर ते टाकसाळीतलंच समजून पोटात घाला, या वयात ते दुरुस्त व्हायचं नाही. आणि सर, तुमची ही कडेची कसोटी माणसांना लागू पडत नाही. विश्वास बसत नसेल, तर एखाद्या रविवारी या आणि समोरच्या कडेवरून अंगठा फिरवून बघा.