मामाच्या किटलीची अर्धी बाजू

आमच्या घरी चहाला आलात, तर बाबांसमोर किटलीचा विषय तेवढा काढू नका. बाबा चाकणला गाड्यांच्या डिझाइनमध्ये आहेत. मातीचं मॉडेल स्कॅन करून कॉम्प्युटरवर त्याचा गुळगुळीत सरफेस तयार करायचा, हे त्यांचं काम.

मामाची कुरुळीला चहाची टपरी आहे. वाकडला नवीन दुकान टाकायचं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने मातीची किटली घडवली. तशाच स्टीलच्या किटल्या भोसरीचे एक कारखानदार बनवून देणार होते, पण नमुना पसंत पडला तरच. तो नमुना करून द्यायला मामाने बाबांना गळ घातली.

"दाजी, जमंल ना?"

"अरे, गाडीचीसुद्धा आम्ही अर्धीच बाजू करतो. उरलेली अर्धी कॉम्प्युटर आरशासारखी उलटी करून जोडतो. किटलीचं काय घेऊन बसलास!"

रविवारी आमच्या घरी आलेल्या कारखानदारांसमोर बाबांनी प्लास्टिकचा नमुना खोक्यातून काढला. किटली फारच गुळगुळीत झाली होती. फक्त तिला पुढे तोटी होती आणि मागेही तोटीच होती. बाबांनी नेमकी तोटीकडची अर्धी बाजू घेतली होती.

मामाने ती सगळीकडून फिरवून पाहिली. "दाजी, हिला धरायचं कुठं?"

आई हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. मी मान खाली घालून दप्तराच्या चेनशी खेळत बसले.

"एक दिवस द्या, दुरुस्त करतो," बाबा पुटपुटले.

"किटली करा दुरुस्त, मी बनवतो," कारखानदार म्हणाले. "पण गाडी मात्र अशीच काढा राव! चाकण चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलं, की वळवायची भानगडच नको."