मास्तरांच्या भूपाची दुसरी ओळ

लंकाबाईच्या लेकीचं लग्न झालं त्या साली, १९४६ ला, शेवगावच्या मोटारतळावर तिच्या शेजारी एलिया आणि दया हे म्हातारे ख्रिस्ती नवराबायको भांडत बसले होते.

"मास्तरांची शाळा पाहिली, ज्या चिंचेखाली बसून ते गानी रचायचे ती चिंच पाहिली. आता घर."

"देवळातली गानी रचली त्यांनी, अन् जागोजागी बेसूर गायलात तुमी."

"बेसूर? त्यांच्या भूपातल्या गान्याची दुसरी ओळ वरच चढती!"

"खाली उतरती. तीस वर्सं देवळात चुकताय."

"मास्तर गेले, पन मास्तरीनबाई सांगत्याल. त्यांनाच मास्तर पयलं ऐकवायचे."

"मी खरी निघाले तर?"

"रविवारी समद्यांम्होरं तुज्या चालीनं गाईन."

"अन् तुमी खरे निघाला, तर मी जल्मभर गप."

"देवा, मला जिंकव रं बाबा!"

लंकाबाई मास्तरांच्याच गावची. हसू आवरून ती म्हणाली, "दादा, मास्तरीनबाई परवा बुधवारी वारल्या."