साडूची सपाट फरशी

नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात माणसाने चढ चढायचा? बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर मला धाप लागते हो! मध्ये फरशी अशी फुगलीय, अशी फुगलीय... कपाट उघडलं तर आपोआप बंद होतं, आणि बंद केलं तर... जाऊ दे! पलीकडे भिंतीला भिंत लावून माझा साडू राहतो. तेच वर्ष, तोच गवंडी, तीच फरशी. आणि त्याची? सपाट!

तुम्हाला सांगतो, जळतो मी. उघड सांगतो, लाज कसली? त्याच्याकडे गेलो की नातीची गोटी गुपचूप जमिनीवर ठेवतो. हलावी ना थोडी तरी? तीस वर्षांत सूतभर? छे! सपाट! आणि घरी आलं की आमची ही सुरू, "ताईकडे टेबलाखाली पुठ्ठा लावावा लागत नाही हं..." अहो, पुठ्ठा काय घेऊन बसलात, मी टेबलाचा एक पाय कापलाय!

शेवटी इंजिनिअर बोलावला. त्याने चार फरशा उचकटल्या, खाली हात घातला आणि काळं ढेकूळ माझ्या नाकासमोर धरलं. "काका, आत काळी माती भरलीय. पाणी लागलं की फुगते, सुकली की आकसते. सगळी काढून मुरूम भरावा लागेल. कोणत्या शहाण्याने भरली ही?"

"गवंड्याने! दुसरं कोण? साडूला मुरूम आणि मला माती!"

तेवढ्यात साडू आलाच, हातात चहाचा कप. "अहो, विसरलात? तुमच्या टाकीच्या खड्ड्यात कडक मुरूम निघाला होता. गवंडी म्हणत होता, हाच भरू. तुम्ही म्हणालात, 'हे दगडगोटे न्या तुम्ही, आणि तुमच्या अंगणातली मऊ माती मला द्या, पटकन पसरते.' मी नको नको म्हणत होतो..."

आठवलं हो, सगळं आठवलं! साडूला गंडवल्याच्या आनंदात मी त्या दिवशी गवंड्याला दोनदा चहा पाजला होता! म्हणजे तीस वर्षं मी जळत होतो कशावर? माझ्याच मुरुमावर! आणि तो मेला अजून सपाट!

आता काय करता? घर उकरून ठेवलंय, म्हणून आम्ही दोघं साडूकडेच राहतोय. काल तो मोठ्या मनाने म्हणाला, "संकोच करू नका, आपलंच घर समजा."

समजायचं काय त्यात... फरशीखाली आहेच की!