गंगेत होडी, मांडीवर मडकं

…आणि वरून मलाच विचारतात, "मास्तर, पण तुमी मडकं कशाला घेतलंत?" अहो, घेतलं नाही, दिलं! बायकोनं दिलं! लग्न झाल्यापासून बायकोनं हातात दिलेल्या वस्तूला मी "कशाला?" म्हणून विचारलेलं नाही. पिशवी दिली की भाजी आणायची, पोरगी दिली की फिरवून आणायची, मडकं दिलं की… धरायचं! आता यात माझं काय चुकलं, सांगा तुमी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमी पण त्या गंगाकाठच्या लोकांसारखं अर्धं बघून पुरं समजून बसताल.

तर मी अनंतराव, पाथरीला शाळेत गणिताचा मास्तर. एकुलती एक लेक ईश्वरी. तिला नोकरी लागू दे म्हणून तिरुपतीला नवस बोललेलो, लागली पुण्याला बँकेत, मग दिवाळी झाल्याबरोबर जाऊन केस देऊन आलो. मिशीसकट! देवाला द्यायचं तर हात आखडता कशाला? तर तुळतुळीत डोकं घेऊन घरी आलो, टोपी काढतोय न काढतोय तोच पोरगी म्हणती, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय. पियुष नाव. बोरीचा आहे." बोरी म्हणजे जिंतूर तालुका, आपल्याच जिल्ह्यातला, बरं वाटलं. "इंजिनिअर आहे बाबा." अजून बरं वाटलं. "पण नोकरी सोडली त्यानं." …मग काय करतो? "नदीवर असतो."

नदीवर! अहो, नदीवर म्हैस असती! "तसं नाही बाबा, तो लोकांना कयाकिंगला नेतो. कयाक म्हणजे लांबडी, अरुंद होडी, पुढं एक मागं एक बसायचं, वल्हवत जायचं, संध्याकाळी काठावर तंबू ठोकून राहायचं. लोक पैसे देतात त्याचे." म्हणजे बघा, उन्हात हात दुखवून घ्यायचे, उघड्यावर झोपायचं, अन् वर पैसे द्यायचे! आमच्या बापजाद्यांनी हे जन्मभर फुकट केलं हो!

मी म्हणलं, नाही. होडीवाल्याला पोरगी द्यायची नाही. खामखा हसू नका, तुमची पोरगी असती तर तुमी काय केलं असतं? एकच लेक, तिचा संसार पाण्यावर तरंगायला सोडायचा? पण सुमंगला, म्हणजे आमची मंडळी, चहा गाळता गाळता म्हणली, "न बघता नाही कसं म्हणता? जा त्याच्यासंगं नदीवर, राहा तीन दिवस. पोरगा बघा, मग खुशाल नाही म्हणा."

आता मुलगा बघायला जायचं म्हणजे कसं असतं? सतरंजी, पोहे, मधी एक उगीच खोकणारा मामा. इथं मी लाइफ जॅकेट घालून मुलगा बघायला चाललो! पण मनात पक्कं केलेलं… जायचं, पोरात एक दोष शोधायचा, घरी येऊन नाही म्हणायचं. मास्तर आहे मी. पेपर हातात आला अन् चूक सापडली नाही, असं झालंच नाही कधी!

निघताना हिनं ते मडकं दिलं. "रानात अळणी खाताल, ठेचा देते." मी म्हणलं, बरणीत दे. "काचेची फुटती, प्लॅस्टिकला वास लागतो." म्हणून एक छोटं काळं मडकं, आत मिरचीचा ठेचा, तोंडाला पांढरं धुवट फडकं, वरून दोऱ्यानं करकचून बांधलेलं. माझ्या अंगात पांढरा सदरा, डोक्यावर केस नाहीत, नाकाखाली मिशी नाही. आता तुमी शहाणे आहात, तुमच्या लक्षात आलं असंल. माझ्या नाही आलं! यात माझं काय चुकलं?

पाथरीच्या खालच्या अंगाला नदीवर पोचलो. पियुषनं पहिल्यांदा काय केलं? सगळ्यांचे फोन घेतले. "काका, फोन भिजतो, अन् सारखा वाजला की नदी ऐकू येत नाही. पालमला उतरलो की परत देतो." पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळले, होडीच्या पोटात ढकलले, वर झाकण! मडकं मात्र त्या झाकणाच्या भोकातून जाईना. म्हणून माझ्या मांडीवर. पुढं मी, मागं तो. दुसऱ्या होडीत पुण्याचं एक जोडपं, विवेक आणि मधुवंती. त्यांना बगळा दिसला की "वाव", चिखल दिसला की "वाव", मला उचकी लागली तरी "वाव".

अन् मी लागलो की कामाला! दोष शोधायला! "वल्हं असं का धरतोस?" "काका, तसं धरलं की हात भरून येत नाहीत." "म्हातारपणी काय करशील?" "बघू काका." "नोकरी का सोडली?" "करमत नव्हतं काका." करमत नव्हतं! मला तरी कुठं करमतंय शाळेत, पण जातो का नाही! अन् मी वल्हं मारलं की सगळं पाणी थपकन त्याच्या तोंडावर. दर वेळी! पोरगं नुसतं तोंड पुसायचं. वर विचारतं, "काका, ऊन लागायलं का?" अहो, काहीतरी उलटं बोल की रे बाबा, मला दोष पाहिजे!

तेवढ्यात एका गावाजवळ बाया धुणं धुवायलेल्या. आमाला बघून एकीचा हात थांबला, दुसरीनं डोक्यावरून पदर घेतला, अन् तिसरीनं सूर लावला,

"कोण गेलं हो दादाऽऽ?"

मी म्हणलं, कोण गेलं म्हणजे? आमीच चाललोय की! मग पेटला डोक्यात दिवा. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. अन् गंगेत माणूस डोकं-मिशा काढून, पांढऱ्या कपड्यात, मांडीवर फडकं बांधलेलं मडकं घेऊन कशाला येतो? एकाच कामाला येतो! मी घाम पुसून ओरडलो, "कोणी गेलं नाही! ठेचा आहे, ठेचा!" ती बाई डोळ्याला पदर लावून म्हणती, "सोसा दादा, सोसा…"

दुपारी वाळूवर उतरलो. पियुषनं भाकरी काढल्या, मी मडक्याचं फडकं सोडलं, दोन बोटं घातली, अन् भूक लागलेली हो, भाकरी हातात यायच्या आधी बोटं चाटली. पलीकडच्या काठाला एक म्हातारी शेळ्या चारत होती. तिच्या हातातली काठीच गळाली! "शिव शिव शिव! अगं माय, खायलाय! मास्तर खायलाय!" अन् ती निघाली कोण? कडूबाई! तिचा पोरगा दत्तराव माझ्या हाताखालून मॅट्रिक झालेला! सबंध गंगाकाठात मला ओळखणारी एकच म्हातारी असावी, अन् तिनं नेमकं मी बोटं चाटताना बघावं? मी हात हलवून सांगायला गेलो तर ती शेळ्या सोडून गावाकडं पळाली.

आता बघा, आमचे फोन पिशवीत, काठावरचे फोन हातात. दत्तरावनं फोन कोणाला केला, त्यानं पुढं कोणाला केला, मला काय माहीत? पण दुसऱ्या दिवशी काठावरून नुसतं "कोण गेलं?" येईना झालं. आमी जवळ आलो की माणसं उठून उभी राहायची, हात जोडायची, अन् आपसांत कुजबुजायची, "हेच ते… दुःखानं भ्रमलेत."

मग आला बंधारा. होडी पाण्यातून पलीकडं जाईना, म्हणून बाहेर काढून, खांद्यावर घेऊन, भिंतीच्या बाजूनं चालत न्यायची. पियुष, विवेक, मधुवंती अन् तिथलाच एक भला माणूस, अशा चौघांनी लांबडी होडी खांद्यावर घेतली. मला काम काय? "काका, तुमी नुसतं मडकं घेऊन पुढं चला." पुढं मी मडकं घेऊन, मागं चौघांच्या खांद्यावर ते… तुमी डोळे मिटून बघा एकदा! बंधाऱ्यावरच्या लोकांनी टोप्या काढल्या. गाणं लावून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं, इंजिन बंद केलं, खाली उतरून हात जोडले. विवेक मागून म्हणतो, "इकडचे लोक किती आदर देतात ना!" मधुवंती म्हणती, "वाव!"

पियुषला मात्र कळलेलं. हळूच म्हणला, "काका, मडकं मी घेऊ का?" मी आधीच बेजार झालेलो, भडकलोच. "हात लावू नको! माझ्या सुमंगलाचं मडकं आहे, मी कोणाला देणार नाही!" …एवढं ऐकलं लोकांनी, अन् कोण गेलं ते पण ठरलं. आता यात माझं काय चुकलं?

तिसऱ्या दिवशी पालमच्या बाजूला काठ दिसला, अन् काठावर ही गर्दी! मला वाटलं, होड्या बघायला आली माणसं. जरा ताठ बसलो. हाऽ, म्हणलं, तालुक्यात नाव होणार! जवळ गेलो तर पुढं आमचा मावसभाऊ व्यंकटराव, हातात दुखवट्याचा टॉवेल-टोपी. मागं नर्मदाबाई आत्या, पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन. मी पाय खाली टेकवतोय न टेकवतोय तोच आत्यानं गळ्यात मिठी मारली. "अनंताऽऽ रं! कशी सोन्यासारखी सुमंगला गेली रंऽऽ!"

"आत्या, ती घरी आहे!"

"व्हय रं लेकरा, घरीच हाय. कुठं जाती?"

"अगं जिवंत आहे!"

"व्हय व्हय, आपल्या मनात जिवंतच हाय." अन् व्यंकटरावनं मागं वळून सगळ्यांना डोक्याजवळ बोट फिरवून दाखवलं. मी म्हणलं, अरे मडक्यात ठेचा आहे, हे घ्या, वास घ्या! फडकं काढून पुढं केलं तर सगळी पंचवीस-तीस माणसं हात जोडून मागं सरकली! पियुष पुढं आला, "ऐका हो, काकू ठणठणीत आहेत." "हा कोण?" व्यंकटराव. मी हैराण होऊन गेलेलो, तोंडातून निघून गेलं, "ईश्वरीला पाहायला आणलेला… म्हणजे मी आलेलो ह्याला पाहायला…"

झालं! व्यंकटरावचं रडणं जागीच थांबलं. "म्हणजे पोरगं बघून ठेवलंय? लय चांगलं केलं! घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकावं लागतंय, न्हाईतर तीन वरीस थांबा! गाव कोणतं रं तुझं?" "बोरी." "निर्व्यसनी हाय का?" "हो." आत्या म्हणती, "अन् तीन दिस मडक्यासंगं गंगंत आलंय. पोटचं पोरगं करत न्हाई एवढं!" मी ओरडतोय, "मी नाही म्हणायला आलोय!" व्यंकटराव मला थोपटतोय, "म्हणू नको अनंता. तिच्या आत्म्यासाठी हो म्हण." कोणीतरी पंचांग बघितलं, माघ ठरला, पियुषच्या हातावर गुळाचा खडा पण ठेवला! पाच मिनिटं… माझी पोरगी पाच मिनिटांत दिली, अन् मी मडकं धरून उभा!

तेवढ्यात वरच्या रस्त्यानं सुमंगला अन् ईश्वरी उतरल्या. आमाला न्यायला येणार हे ठरलेलंच होतं. हिरवं पातळ, हातात जेवणाचा डबा. आत्यानं बघितलं अन् मटकन वाळूत बसली. ही म्हणती, "एवढी गर्दी कशाची हो?"

व्यंकटरावला कुठं काय बोलावं कळत असतं तर अजून काय पाहिजे होतं? म्हणतो, "वहिनी, तुमी… तुमी वारल्यात."

"कधी?"

"परवा दिशी."

"अन् मला एक फोन नाही केला?"

"मेलेल्या माणसाला फोन कसा करावा वहिनी?"

हिनं माझ्या डोक्याकडं बघितलं, मडक्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला. मी चान्स साधला. म्हणलं, "हे बघ, तू जिवंत आहेस, म्हणजे वर्षाची भानगड मिटली, लग्न पण मिटलं! मी नाही म्हणतो!"

"दोष काय सापडला?"

आता… काय सांगायचं? म्हणलं, "तीन दिवस तोंडावर पाणी उडवलं मी, एका शब्दानं बोलला नाही. पाणी नाही पोरात!"

ही पियुषकडं वळली. ऊन लागून काळं पडलेलं पोरगं, हातात गूळ, मान खाली. "तीन दिवस हे तुमच्या पुढं बसून असंच बोलायलेले?"

"हो काकू."

"एकाच होडीत?"

"हो काकू."

"अन् तुमी ह्यांना पाण्यात ढकललं नाही?"

"नाही काकू."

"मनात आलेलं?"

पोरगं हातातल्या गुळाकडं बघत म्हणलं, "बंधाऱ्यापाशी… एकदा आलेलं काकू."

ईश्वरी तोंडावर ओढणी धरून हसायली. सुमंगला व्यंकटरावला म्हणली, "भावजी, ठरलेलं मोडू नका. हा जावई हातचा घालवला तर दुसरा मिळायचा नाही." अन् डबा उघडून सगळ्यांना वाढायला लागली. दुखवट्याच्या पिठल्याबरोबर पुरणपोळी खाल्ली हो लोकांनी, माझ्या ठेच्याला मात्र कोणी शिवलं नाही!

माघात लग्न आहे, तुमी पण या. मला कोणी विचारलं नाही, विचारणार पण नाही. मी आपला उगीच समजत होतो, घरात दोघांचं थोडं थोडं चालतं… काही नाही हो! ती जिवंत असली तरी तिचंच चालतं, अन् मेली तरी तिचंच चालतं!