मामांच्या कानातलं गाणं

कळसाडीचं स्थळ का मोडलं, म्हणता? ऐका मग. पोहे झाले, चहा आला. तेवढ्यात मुलाच्या मामांना माझ्या मुलीचा बिनवायरचा हेडफोन दिसला. "आम्हले बी दखू दे," म्हणत त्यांनी तो कानांवर चढवला. मुलीने मोबाईल जोडून गाणं लावून दिलं. मामा मान डोलवायला लागले.

मग ते शेजारी बसलेल्या मामींकडे वाकून कुजबुजले. म्हणजे त्यांना तसं वाटलं. कानात गाणं दणदणत होतं, त्यामुळे आवाज पार ओट्यापर्यंत गेला.

"पोर काळी शे. पन बाप नरम दिखस. गाडी मांगू, देई टाकी."

मामींनी कोपर मारलं. तर तेवढ्याच जोरात, "काय व्हयनं?"

माझी बशी हातातच राहिली. बायको खाली बघत होती. शेवटी मुलगीच पुढे झाली आणि तिने हेडफोन अलगद काढून घेतला.

"काबरं काढं व माय? गानं चांगलं व्हतं."

"गानं फक्त तुमलेच ऐकू ई ऱ्हायंतं, मामा. तुमनं बोलनं आम्ही समदास्नी ऐकं."