मगरीसाठी घेतलेलं रीळ

मी मूळचा देवगडकडचा, खाडीच्या तोंडावर आमची वाडी, आम्ही गाबीत, म्हणजे मासेमारीवर जगणारी माणसं, बाप रापण ओढायचा, रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, मीही नववीत गटांगळी खाल्ल्यावर त्याच दोरीला लागलो, आणि मग मोठे ट्रॉलर आले नि रापणीत काय मिळेनासं झालं, तेव्हा गावचा एक जण म्हणाला चल तिकडे, लाँचवर माणसं लागतात, तर आलो. सत्तावीस वर्षं झाली त्याला. केस बघा माझे, इथल्या उन्हात पिकलेत सगळे.

रास अल खैमाला एका म्हाताऱ्या अरबाबाची लाँच होती, अरबाब म्हणजे मालक, इथं सगळे असंच म्हणतात. माणूस चांगला, खोटं कशाला बोलू, माझा बाप गेला तेव्हा त्याने स्वतः तिकीट काढून दिलं. पुढे त्याचे गुडघे गेले, लाँच विकली, बाकीच्यांना सोडलं आणि मला म्हणाला तू मजऱ्यावर राहा, मजरा म्हणजे त्यांचं शेत, डोंगराच्या अंगाला, खजुराची झाडं, शेळ्या, दोन उंट आणि कडेला एक तळं. मी म्हटलं अरबाब, मला शेतातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला कळेल, इन्शाल्ला. मग काय, तिथंच चिकटलो.

आणि त्याच्या कुणा मित्राने त्याला मगर दिली. हसू नका, खरंच सांगतो. प्लॅस्टिकच्या डब्यात, एवढीशी, माझ्या कोपरापर्यंतसुद्धा भरली नसती. अमेरिकेतली जात, ॲलिगेटर, आपल्या मगरीपेक्षा तोंड रुंद, स्वभाव जरा थंड, असं उंटांना बघायला येणारा डॉक्टर म्हणाला, मादी आहे हेही त्यानेच सांगितलं. त्याच महिन्यात घरून फोन, मुलगी झाली म्हणून. मानसी. आता काय सांगू तुम्हाला, मानसीला मी पहिल्यांदा बघितलं ती चालायला लागल्यावर, आणि हिला रोज बघत होतो, रोज, हातातून कोंबडीचे तुकडे टाकत होतो. तळ्यापासून लांब तिच्यासाठी हौद बांधलेला, भोवती पत्र्याचं कुंपण, आणि हिला मी बायो म्हणायला लागलो. बायो म्हटलं की पाण्यातून वर यायची, डोळे दोन तेवढे दिसायचे. सुधाकर खिदळायचा, सुधाकर म्हणजे तिथला माझा जोडीदार, मिरजेकडचा, घरी म्हशी त्याच्या, मला नाना म्हणायचा, नाना, मगरीला का कुणी लाडानं हाक मारतं व्हय. मी म्हणायचो तू तुझ्या शेळ्या बघ.

मग कायदा आला, असली जनावरं घरी ठेवायची नाहीत, सरकारला देऊन टाका. म्हातारा म्हणाला इतकी वर्षं राहिली, माझ्याबरोबर राहू दे. मग म्हातारा गेला. मुलगा आला, तो दुबईत असतो, ऑफिस-बिफिस, शुक्रवारी बायकामुलांना घेऊन यायचा, मगरीकडे बघायचासुद्धा नाही, पण द्यायचीही नाही, कारण आता दिली तर विचारणार इतके दिवस का ठेवली होती. मी एकदा म्हटलंही त्याला. म्हणाला बाद में. त्याचं सगळं बाद में.

तर मग एका रात्री वादळ झालं, बायो तोवर माझ्याहून लांब झालेली. कुंपणाचा पत्रा सकाळी आडवा पडलेला आणि बायोचा हौद रिकामा. वाळूत शेपटीचा ओढल्याचा माग, सरळ तळ्याकडे गेलेला. आणि तळ्याच्या पलीकडे खडी फोडायचा क्रशर आहे, तिथली पोरं, पठाण, बिहारी, संध्याकाळी सुटली की तळ्यावर आंघोळीला येतात, म्हाताऱ्यानेच परवानगी दिलेली, उन्हात मरतात बिचारी म्हणून. मी फोन लावला छोट्या अरबाबाला. म्हटलं पोलिसांना नाहीतर बलदियाला, म्हणजे नगरपालिकेला, कळवू, त्यांच्याकडे माणसं असतात. तो म्हणाला किसी को फोन नहीं, तुम मछलीवाला है, पकड़ो, शुक्रवार से पहले, जिंदा-मुर्दा कुछ भी, नहीं तो तुम्हारा खलास. मी म्हटलं अरबाब, ती मासा नाही. त्याने फोन ठेवला.

खलास म्हणजे काय ते तुम्हाला इथं राहून कळतंच, व्हिसा कॅन्सल. माझं वय बावन्न, नवीन कोण घेणार. मानसी नर्सिंगला दुसऱ्या वर्षाला, अजून दोन वर्षं काढायची होती. गावी होडी नाही, जाळं नाही, काय करू जाऊन. एवढंच डोक्यात.

आधी मी काठावर बसून हाका मारल्या. बायो, बायो. वर आली, बघितलं आणि परत खाली. मोकळं पाणी मिळालेलं तिला, ती कशाला येते हौदात. मग जाळं टाकलं, ते तिने टराटरा फाडलं. संध्याकाळी पोरं आली टॉवेल खांद्यावर टाकून, त्यांना सांगितलं पानी में दवाई डाला है, नहाना नहीं. एक दिवस ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले चाचा, दवाई तो बह गया होगा. मी दांडकं घेऊन उभा राहिलो काठावर, ते शिव्या देत गेले. किती दिवस उभा राहणार मी असा, सांगा.

मग मी पिकअप काढला आणि शारजाला गेलो, रोल्लाच्या बाजूला एक गळाच्या सामानाचं दुकान आहे, लाँचवर होतो तेव्हापासून माहीत. दुकानात मलबारी माणूस. म्हटलं सगळ्यात मोठं रीळ दाखव. तो म्हणाला मछली कौन सा. आता काय सांगू. म्हटलं बड़ा. बड़ा कितना. म्हटलं मुशी, शार्क. बोट से कि किनारे से. किनारे से. तो माझ्याकडे बघत राहिला, किनारे से शार्क, भाई किधर. एकेक खोटं बोलत गेलो आणि तो एकेक रीळ काढत गेला. एक होतं गोल, पिंपासारखं, काठीच्या वर बसतं ते, लाँचवरचं, दोन गिअर, माझा हात आपोआप त्यालाच गेला, त्याची सवय होती, पण त्याने दूर फेकता येत नाही, ते नुसतं खाली सोडायचं. मला मगरीच्या पलीकडे गळ फेकायचा होता, तीन तोंडांचा, नि अंगावरून ओढत आणून कातड्यात अडकवायचा. तिच्या तोंडात गळ मला घालायचा नव्हता, हे तुम्हाला सांगतो, पोटातून फाटली असती ती. तर मग ते काठीच्या खाली लटकणारं घेतलं, फेकायचं, सगळ्यात मोठा नंबर, आत लोखंडी दातेरी चाकं. आणि ड्रॅग बघितला, ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक, किती ओढ लागली की दोरी सोडायची ते तो ठरवतो. दुकानाच्या दाराच्या कडीला दोरी बांधून मी पूर्ण आवळला आणि अंगाचा भार टाकून ओढलं, जराही सुटेना. म्हटलं हेच. काठी, दोरी, गळ धरून साडेनऊशे दिरहम, म्हणजे आपले बावीस हजार, खिशातले दिले. मलबारी म्हणाला भाई, इतना टाइट करके शार्क नहीं पकड़ते, थोडा छोड़ना पड़ता है. मी म्हटलं तू मला शिकवतोस, दर्यावर जन्म गेला माझा.

येताना शारजाचा तो ट्रॅफिक, गाडी हलेना, आणि मला घाम, क्रशरची पोरं सुटली असतील, सुधाकर एकटा आहे, सुधाकरला कोण ऐकणार. पोचलो तर सुधाकर पाण्याच्या कडेला दगड मारत फिरत होता, मगर लांब जावी म्हणून, आणि पोरं त्याच्यावर हसत होती. घसा बसला होता त्याचा ओरडून.

गुरुवारी सकाळी फेकलं. चौथ्या की पाचव्या फेकीला लागला गळ, शेपटीच्या मुळाशी, आणि काय सांगू तुम्हाला, रीळ असं किंचाळलं, काठी वाकली, सुधाकरने माझी कंबर धरली मागून. तळ्यात खाली जुन्या खजुराची खोडं बुडालेली आहेत, तिथं घुसली ती आणि थांबली. मला आनंद झाला, खरं सांगतो. मोठी मुशी अशीच करते, तळाला जाऊन बसते, मग तुम्ही फक्त दोरी ताठ ठेवायची, ढिली सोडायची नाही, तासाने दमते आणि ओंडक्यासारखी वर येते. बापाने हेच शिकवलं, लाँचवर हेच केलं. मी ड्रॅग पूर्ण आवळला, काठी पिकअपच्या हुकाला बांधली नि सिगरेट पेटवली. अरबाबाला फोन केला, पकड़ा. तो म्हणाला शाबाश, छोड़ना नहीं.

सुधाकर पाण्याकडेच बघत होता. नाना, म्हणाला, ती वर आली न्हाई की. म्हटलं दमू दे. पाऊण तास गेला असेल, परत, नाना, म्हस डुंबतीया तरी नाक वर काढती, हिला का श्वास नगं व्हय.

मी तिथंच बसलो खाली. एवढी वर्षं तिला बघितलेलं, दिवसातून दहा वेळा तिचं नाक वर येताना बघितलेलं, आणि दोरी हातात आल्याबरोबर मी तिला मासा करून टाकलं. आवशीचो घो, मासा पाण्यात श्वास घेतो, ही पाण्यात मरते. मी धावत जाऊन ड्रॅग सोडला, दोरी जाईना, खोडाला गुंडाळलेली. पाण्यावर बुडबुडे आले, थांबले.

फोन वाजला. अरबाब. काय झालं विचारलं, सांगितलं. म्हणाला मरती है तो मरने दो, अच्छा है, गाड़ दो, खलास. आणि मी तुम्हाला खरं सांगतो, अर्धा क्षण मी उभाच राहिलो. कारण तसं झालं असतं तर सगळं सुटत होतं, माझा व्हिसा, मानसीचं कॉलेज, क्रशरची पोरं, सगळं. काही करायचं नव्हतं मला, नुसतं उभं राहायचं होतं. पुढे काय झालं मला नीट सांगता येत नाही, मी पाण्यात होतो, दातात सुरी धरून, सुधाकर नाना नाना करून ओरडत होता. छातीभर पाणी, गढूळ, दोरी धरून चाचपडत गेलो. भीतीने पाण्यातच लघवी झाली मला, लाज कसली आता. खोड लागलं, त्याच्या पलीकडे ती लागली, खरबरीत, हलत नव्हती. दोरी कापली. वेणीची दोरी, लवकर तुटेना, करवतीसारखी सुरी चालवली. तुटली तेव्हा तिने माझ्या पायावर शेपटी मारली, हा घोटा बघा, अजून सुजतो. पलीकडच्या काठाला वर आली आणि भस्सकन श्वास घेतला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग मीच पोलिसांना फोन केला. दुसरं काय करणार, संध्याकाळी पोरं येणार होती. सरकारची माणसं आली, चार जण, फास घातला, जबड्याला चिकटपट्टी लावली, डोळ्यांवर फडकं, अर्ध्या तासात गाडीत. रीळ नाही, गळ नाही, काही नाही. एका साहेबाने माझ्या पायाला पट्टी बांधली, विचारलं कुणाची, मी खरं ते सांगितलं. छोट्या अरबाबाला दंड झाला आणि माझा व्हिसा गेला. तो एवढंच म्हणाला, मेरा बाप का नमक खाया तुम. मी म्हटलं होय, खाल्लं.

आता इथं रोल्लात गाववाल्याच्या खोलीत पडलोय, तिकिटाची वाट बघत. दोन ठिकाणी विचारलं, वय ऐकून बघतो म्हणाले. सुधाकर आहे अजून मजऱ्यावर, त्याला ठेवलंय, बरं झालं. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली एका मगरीपायी? आणि मग म्हणाली येवा, घर आसा. काल मानसीचा फोन. म्हणाली बाबा, मी कॉलेज सोडलं, कणकवलीला एका मेडिकलमध्ये लागतेय, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी टेन्शन घेऊ नको म्हणे. मी हूं हूं करत राहिलो, फोन ठेवल्यावर तोंडावर उशी घेतली, खोलीत आठ माणसं आहेत.

तुम्ही विचारलंत पश्चात्ताप होतो का. दिवसा होत नाही. तिचा फोन आला की होतो. मगरीला वाचवलं नि पोरीचं पाणी तोडलं, असंच झालं की ते, दुसरं काय म्हणणार. चार पैसे कमी मिळाले तरी मी पुन्हा गळ घालीन, गावी खाडी आहे, पोरीला पुढच्या वर्षी परत बसवीन, बसली पाहिजे ती. बाकी आता माझ्या हातात काय आहे. तिकडे बायो कुठल्या हौदात असेल, तिला कोण खायला घालत असेल, काय नावाने हाक मारत असतील. देव दोघींनाही सुखी ठेवो.